वारशाने आलेली यॉट समुद्रपार न्यायची आहे? सामान घेण्याआधी हे वाचा

बोट दुरुस्तीच्या आमच्या यार्डात जे फोन येतात त्यातले बरेचसे एकाच प्रकारचे असतात. बाबांची किंवा मामांची फायबरची यॉट, तीसेक फुटांच्या आसपास, बरीच वर्षं मूरिंगला नाहीतर कुठल्यातरी खाडीत उभी, आता मुलाने किंवा भाचीने ठरवलंय की दुरुस्त करून मालदीव किंवा थेट सेशेल्सपर्यंत न्यायची. कल्पना छानच आहे, आम्हाला अशी कामं आवडतात. पण पुढचं वाक्य ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो, ते म्हणजे "बाकी सगळं झालंय, रंग झाला, आतलं पॉलिश झालं, सोलर आणि चार्टप्लॉटर (नकाशाचा स्क्रीन) बसवला, तुम्ही नुसतं रिगिंग बघून द्या."

इथेच सगळा वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मास्ट, म्हणजे शिडाचा खांब, ज्या वायरींनी उभा असतो त्या वायरी (यांनाच रिगिंग म्हणतात) खाली चेनप्लेटला बांधलेल्या असतात आणि चेनप्लेट म्हणजे स्टीलची पट्टी, जी डेकमधून खाली उतरून केबिनच्या आत बल्कहेडला (आडव्या भिंतीला) किंवा हललाच (बोटीच्या बाहेरच्या कवचालाच) बोल्ट केलेली असते. डेकच्या वर जेवढी दिसते तेवढी चकचकीत, वीस वर्षांनीही. पण स्टेनलेस स्टील गंजत नाही ते हवेमुळे, हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर एक पातळ थर टिकून राहतो. जिथे पट्टी डेकमधून जाते तिथलं जुनं सिलिकॉन सुटलं की पाणी आत मुरतं, तिथे हवा पोचत नाही, तो थर मोडतो आणि पट्टी आतल्या आत खड्डे पडून खाल्ली जाते. वरून बघून, फोटो बघून, ठोकून, कशानेही हे कळत नाही. पट्टी बाहेर काढावीच लागते. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तुमची बोट त्यात किती पावसाळे उघडी उभी होती ते तुम्हीच मोजा.

आता ही पट्टी काढायची तर आतलं लाकूडकाम आणि लायनिंग उतरवायला लागतं. म्हणजे जे तुम्ही नुकतंच पॉलिश केलंय, नवीन कापड चिकटवलंय, मागून नवीन वायरिंग ओढलंय, तेच. मग ग्राहक नाराज, सुतार नाराज, आणि जे काम नागड्या बोटीवर चारपाच दिवसांत होतं त्याला महिना लागतो आणि बिलात तो महिना दिसतो. अमुक यार्डवाले म्हणाले काढायची गरज नाही, असंही ऐकवलं जातं. वीकेंडला मांडवीच्या तोंडाशी दोन तास फिरायचं असेल तर कदाचित नसेलही. पण गोवा ते सेशेल्स सरळ रेषेत धरलं तरी 1600 नॉटिकल मैलांच्या आसपास आहे, पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच नॉटिकल मैलांनी, गेलात तर दोन आठवडे, आणि त्या दोन आठवड्यांत बोट लाटेवर डोलते तेव्हा दर काही सेकंदांनी एकदा या बाजूच्या पट्टीवर ताण, एकदा त्या बाजूच्या, रात्रंदिवस, म्हणजे लाखांच्या घरात झटके. मास्ट पडायला वादळच लागतं असं नाही.

म्हणून आमचा नियम आहे की मास्ट उतरवल्याशिवाय आणि निदान दोन चेनप्लेट बाहेर काढून बघितल्याशिवाय आम्ही एस्टिमेट देत नाही. लोकांना वाटतं हे बिल वाढवायचे धंदे आहेत. तपासणीची फी आम्ही वेगळी घेतो हे खरं, पण काम आमच्याकडे केलंत तर ती त्यात वळती करतो, आणि नाही केलंत तरी काढलेली पट्टी, फोटो आणि मापं तुमचीच, घेऊन दुसरीकडे जा, आम्ही काही म्हणत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून "अंदाजे सांगा ना" म्हणणाऱ्यांना मात्र खरंच सांगता येत नाही, उगाच आकडा टाकून नंतर भांडण नको.

वायरींचंही तसंच. दहाएक वर्षं झाली असतील तर दिसायला कशाही असोत बदलायच्या, इन्शुरन्सवालेही हेच विचारतात. खालच्या टोकाला जिथे वायर फिटिंगमध्ये दाबलेली असते तिथे पाणी साठतं आणि बारीक चीर तिथूनच सुरू होते. एक कळकळीची विनंती, जुन्या वायरी स्वतः काढून भंगारात देऊ नका. त्यांच्याच मापावरून आम्ही नवीन बनवतो, आणि कुठली कुठे होती याची चिठ्ठी बांधलेली नसेल तर सगळं पुन्हा मोजत बसावं लागतं.

मास्टनंतर नंबर पाण्याखालच्या भोकांचा. सीकॉक, म्हणजे या भोकांवरचे व्हॉल्व्ह, पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबीसर दिसायला लागतो आणि स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर भुगा पडतो. सगळे ब्राँझचे करून घ्या आणि प्रत्येकाशेजारी भोक बुजवायला मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. मग सुकाणू, कीलचे (बोटीच्या तळाखालच्या जड पात्याचे) बोल्ट, डिझेलची टाकी. टाकी धुतल्याशिवाय निघूच नका, कारण वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ बंदरात शांत असतो, बाहेर पहिल्या मोठ्या लाटांत ढवळून वर येतो आणि फिल्टर नेमका तेव्हाच चोक होतो जेव्हा इंजिन हवं असतं. त्यानंतर इंजिन, मग वायरिंग, मग तुमचा चार्टप्लॉटर, आणि रंग सगळ्यात शेवटी.

"पण बाबांनी बसवलेलं तसंच राहू दे" असं बरेच जण म्हणतात, त्यात काही चूक नाही. विंच, स्टिअरिंग, चार्ट टेबल, हाताने केलेलं सागवानी काम आम्ही नंबर घालून काढतो आणि तसंच परत बसवतो, तो आमच्या सुताराचा हातखंडाच आहे. पण वायर, पट्टी आणि होज यांच्यात जीव गुंतवू नका. जुनी बोट ही मुळात अडचण नाही. नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी 2022-23 च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे एकट्याने जगाला फेरी मारायच्या शर्यतीत, दुसरे आले ते रसलर 36 या यॉटवर, आणि त्या रेसचा नियमच असा की डिझाइन 1988 च्या आधीचं हवं.

कागदांचं थोडक्यात. बोट अजून वडिलांच्या नावावर असेल तर आधी ती तुमच्या नावावर करा आणि भावंडं असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर सगळी बोट तयार होऊन पोर्ट क्लिअरन्सला (बंदर सोडायच्या परवानगीला) अडते. ईपर्ब, म्हणजे संकटात सॅटेलाइटला सिग्नल पाठवणारं यंत्र, जुन्या मालकाच्या नावाने रजिस्टर असेल तर संकटात तुम्ही बटण दाबाल आणि फोन जाईल वडिलांच्या बंद नंबरवर. बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्राकडे तो तुमच्या नावाने करून घ्यावा लागतो, आणि बोट परदेशातून आणलेली असेल तर ईपर्बमधला देशाचा कोडही बदलावा लागतो. आणि भाचा अमेरिकेतून सॅटेलाइट फोन आणतोय असं कोणी म्हणालं तर थांबवा, थुराया आणि इरिडियमचे असे फोन भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणंच बेकायदेशीर आहे, छोटी मेसेजवाली यंत्रंसुद्धा त्यात येतात.

आता तारखांचं, कारण ऑक्टोबरमध्ये बोट आणून "डिसेंबरला निघायचंय" म्हणणारे दरवर्षी असतात. अरबी समुद्रात वादळं येतात ती मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि ईशान्येचा चांगला वारा मिळतो तो डिसेंबर ते मार्च. म्हणजे जानेवारीत निघायचं असेल तर बोट त्याच्या आधीच्या मे महिन्यात आमच्याकडे पाण्याबाहेर वर यायला हवी. पावसाळ्यात आतली कामं होतात, मास्ट, वायरी, इंजिन, सुतारकाम. फायबरचं बाहेरचं काम आम्ही पावसात करत नाही, कितीही घाई असली तरी, ओल्या हलवर मारलेलं इपॉक्सी सहा महिन्यांत फुगून येतं आणि शिव्या आम्हाला बसतात. ऑक्टोबरात हल वाळला की रंग, मग पाण्यात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात हवामान बघून निदान दोन रात्रींची चाचणी, शक्यतो रत्नागिरीकडे, दुपारच्या वायव्येच्या वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे काय सुटतंय ते किनाऱ्याजवळच कळतं. आमचा एक माणूस चाचणीला सोबत येतो, त्याचे पैसे लावत नाही, फक्त त्याला जेवायला घाला.

कील खोल असेल तर बोट उधाणाच्या भरतीलाच वर घेता येते आणि मे महिन्यात अशा तारखा मोजक्याच असतात, बोट उभी करायचे क्रेडलही कमीच आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळवा. फोन करताना बोटीची लांबी, ती पाण्याखाली किती खोल जाते, कुठल्या साली बांधलेली आणि शेवटची पाण्याबाहेर कधी काढलेली एवढं हाताशी ठेवा, आणि तोपर्यंत सोलर पॅनलची ऑर्डर देऊ नका.