मधुमेहातील तोल आणि स्नायुबल

मधुमेही व्यक्तीच्या स्नायूंची ताकद आणि उभे असताना, वळताना, चालताना तोल सावरण्याची तिची क्षमता यांचा एकत्रित विचार. मधुमेह म्हटला की डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय यांची काळजी आधी घेतली जाते. पायांतले बळ मात्र गाजावाजा न करता ओसरत जाते आणि 'आता वय झालं' म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यामुळे हे दुर्लक्ष किरकोळ मानता येत नाही.

माणूस उभा राहतो तो तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरींवर : डोळे, अंतर्कर्ण आणि पाय. तळव्यावर दाब कुठे पडतो आणि घोटा किती वाकला आहे, हे पायाकडून मेंदूला सतत कळत असते. दीर्घकाळ वाढलेली साखर आधी सर्वांत लांब मज्जातंतूंना इजा करते. म्हणून बधिरता बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तशी वर सरकते. रुग्ण सांगतात ते असे : पायाखाली गादी असल्यासारखे वाटते, चप्पल कधी निसटली ते कळले नाही. तळव्याची खबर थांबली की सगळा भार डोळ्यांवर येतो. मग बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना, किंवा रात्री दिवा न लावता उठल्यावर झोक जातो. पाय जुळवून डोळे मिटायला सांगण्याची, १९व्या शतकातील जर्मन वैद्य मोरित्झ रोंबर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी तपासणी नेमके हेच दाखवते. मधुमेहाने दृष्टिपटलही (डोळ्याच्या आतला पडदा) बिघडला असेल, तर उरलेला आधारही लंगडा पडतो.

नुसती खबर मिळून भागत नाही, पाय वेळेवर हलावाही लागतो. तळपायातले लहान स्नायू वाळले की बोटे आकड्यासारखी वाकतात. घोट्याभोवतीचे स्नायू क्षीण झाले की पाऊल पुरते उचलले जात नाही आणि उंबऱ्याला अडते. शिवाय साखर प्रथिनांना चिकटून सांधे व स्नायुबंध ताठर होतात. नमस्कार करताना काही मधुमेहींचे तळवे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, ते या ताठरपणामुळेच. घोट्यातही तो आला, तर झोक सावरायला लागणारी लवचीकता राहत नाही.

स्नायू आणि मधुमेह यांचे नाते दुहेरी आहे. इन्सुलिनच्या प्रभावाने रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा वाटा स्नायू घेतात. ते घटले की साखरेला जागा कमी पडते आणि वाढलेली साखर पुन्हा स्नायूंना मारक ठरते. अमेरिकेतील सत्तरीतल्या लोकांच्या एका दीर्घ अभ्यासात ३ वर्षांत मधुमेहींच्या पायांचे बळ इतरांपेक्षा वेगाने घटले. स्नायूंचा आकार कमी झाला एवढ्याने त्याचा उलगडा होत नव्हता. तेवढ्याच स्नायूतून निघणारी ताकदही कमी झाली होती.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. दोघांचा शरीरभार निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन, बीएमआय) सारखाच, २२.३ होता, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के होती. पुणे परिसरातील नवजात बालकांतही 'हडकुळे पण चरबीदार' हा बांधा याज्ञिकांच्या चमूला आढळला होता. म्हणजे वजनकाटा समाधानकारक आकडा दाखवत असतानाही स्नायूंची शिल्लक मुळातच तुटपुंजी असू शकते. अशा माणसाला 'वजन कमी करा' एवढाच सल्ला देणे पुरेसे नाही, क्वचित घातकही आहे. वजन झपाट्याने उतरवणाऱ्या नव्या औषधांनी चरबीबरोबर स्नायूही काही प्रमाणात घटतात, हेही लक्षात घ्यायला हवे.

पडण्याची इतरही कारणे असतात. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते. उठून उभे राहताच रक्तदाब घसरतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी अनेक वर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असते आणि ही कमतरता मज्जातंतूंचे दुखणे वाढवते, म्हणून रक्तातील ब-१२ तपासून घ्यावे. टाइप २ मधुमेहात हाडांची घनता तपासणीत चांगली दिसूनही ती मोडण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे साधे पडणेही महागात पडते.

तपासायला मोठी यंत्रे लागत नाहीत. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू आणि कंपनकाटा (ट्यूनिंग फोर्क) यांनी तळव्याची संवेदना कळते. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून ५ वेळा उठा-बसायला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार ते स्नायू दुबळे झाल्याचे लक्षण मानतात. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना एका पायावर १० सेकंद उभे राहायला सांगितले, तेव्हा सुमारे पाचातल्या एकाला ते जमले नाही. न जमलेल्यांत मधुमेहाचे प्रमाण जमलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. मराठी घरात अशी परीक्षा नकळत होतच असते. पंगतीत पाटावरून उठताना हात टेकावा लागू लागला, तर ते गुडघ्यावर ढकलून गप्प बसू नये.

बळ परत मिळवता येते, तेही उतारवयात. रोजच्या चालण्याने हृदय व साखर सुधारते, पण मांड्यांना पुरेसा भार मिळत नाही. त्यासाठी आठवड्यातून २–३ दिवस वजन, रबरी पट्टा किंवा स्वतःच्या शरीराचा भार वापरून व्यायाम करावा लागतो. वयस्क मधुमेहींना तेवढेच दिवस तोलाचा सरावही सुचवला जातो : ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, एका रेषेत पावले टाकणे. वजन प्रमाणात असलेल्या टाइप २ मधुमेहींवरील, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ताकदीच्या व्यायामाने साखर नुसत्या एरोबिक (दम वाढवणाऱ्या, चालण्या-धावण्यासारख्या) व्यायामापेक्षा अधिक उतरली.

पाय बधिर असले तरी चालणे बंद करण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. मात्र तळव्यावर जखम असेल तर त्या पायावर भार टाकायचा नाही आणि पाय रोज पाहायचे. दृष्टिपटलात नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर श्वास रोखून जड वजन उचलण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारणे आवश्यक आहे.