टेरेस (स्कॉटिश फुटबॉल)

टेरेस : स्कॉटलंडमधील फुटबॉल मैदानांभोवतीची, उभ्याने सामना पाहण्याची पायऱ्यापायऱ्यांची उतरती जागा. मराठीत टेरेस म्हटले की गच्ची डोळ्यांपुढे येते. इथे गच्चीचा काही संबंध नाही. मातीचा किंवा कोळशाच्या राखेचा भराव, त्यावर लाकडी ओंडक्यांनी आणि पुढे काँक्रीटने बांधून काढलेल्या पायऱ्या, मध्ये मध्ये कमरेच्या वर येणारे लोखंडी कठडे आणि बहुतेक ठिकाणी वर उघडे आभाळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकापर्यंत सामान्य स्कॉटिश माणसाने फुटबॉल पाहिला तो मुख्यतः इथून. खालच्या विभागांतील काही मैदानांवर अशा पायऱ्या अजून आहेत, मोठ्या मैदानांवरून त्या गेल्या. त्यांच्याविषयीच्या आठवणी मात्र स्कॉटलंडमध्ये आजही इतक्या सांगितल्या जातात, की टेरेस समजून घ्यायचे तर बांधकामाइतकेच या आठवणींकडेही पाहावे लागते.

पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिक येथे क्रिकेटच्या मैदानावर झाला. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, गोल एकही नाही, प्रेक्षक सुमारे ४,०००, प्रवेश एक शिलिंग. तेव्हा टेरेस नव्हते. पुढच्या काही दशकांत गोदी, ओतशाळा आणि कोळसाखाणींतल्या कामगारांना शनिवारी अर्धी सुट्टी मिळू लागली आणि चित्र पालटले. दुपारी भोंगा झाला की माणसे घरी न जाता थेट मैदानाकडे निघत. त्यांना बसायला खुर्च्या देणे क्लबांना परवडणारे नव्हते आणि कोणी मागतही नव्हते. मातीचा ढीग घालून त्याला पायऱ्या पाडणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता.

या बांधकामाशी जोडलेले मोठे नाव आर्चिबाल्ड लीच यांचे. ग्लासगोत जन्मलेल्या या अभियंत्याने ब्रिटनमधली अनेक मैदाने आखली. पण त्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच अपघात आहे. ५ एप्रिल १९०२ रोजी त्यानेच आखलेल्या ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना लोखंडी सांगाड्यावर उभारलेले लाकडी टेरेस खचले. माणसे भगदाडातून खाली पडली, २५ जण मेले आणि ५०० हून अधिक जखमी झाले. सामना मात्र थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. गर्दीच्या दुसऱ्या टोकाला काय झाले याचा मैदानातल्या अनेकांना पत्ता नव्हता. यानंतर उंच लाकडी टेरेस मागे पडून भरीव मातीचे आले, आणि गर्दीचा रेटा अडवणाऱ्या कठड्यांचे पेटंट लीचने घेतले.

या सगळ्याचे शिखर म्हणजे ग्लासगोचे हॅम्पडेन पार्क. क्वीन्स पार्क या हौशी क्लबने ते १९०३ मध्ये उघडले. १९५० मध्ये रिओचे माराकाना उभे राहीपर्यंत ते जगातले सर्वांत मोठे फुटबॉल मैदान मानले जाई. १७ एप्रिल १९३७ च्या स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला तिथे १,४९,४१५ प्रेक्षक असल्याची अधिकृत नोंद आहे. स्कॉटलंडने तो ३-१ जिंकला. आठवड्याभरातच सेल्टिक आणि ॲबरडीन या क्लबांमधल्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्याला पुन्हा जवळजवळ तितकीच गर्दी जमली. आयब्रॉक्सवर २ जानेवारी १९३९ रोजी रेंजर्स-सेल्टिक या ग्लासगोतल्याच दोन प्रतिस्पर्धी क्लबांच्या सामन्याला १,१८,५६७ लोक होते. ब्रिटनमधल्या लीग सामन्यांचा हा उच्चांक आजही टिकून आहे.

हे आकडे शेवटच्या एककापर्यंत नेमके दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी थोडे बोलले पाहिजे. सेल्टिक पार्कच्या १९३८ मधल्या उच्चांकाचेच दोन आकडे प्रचलित आहेत, ८३,५०० आणि ९२,०००. आणि नेमक्या आकड्यातही एक गट मोजलेला नसतो, तो म्हणजे पोरे. मैदानात शिरायला अरुंद फिरते फाटक असे. त्याच्या बाहेर मुले घोळक्याने उभी राहत आणि येणाऱ्या अनोळखी माणसाला विचारत, ‘गिज अ लिफ्ट ओव्हर, मिस्टर?’ म्हणजे ‘काका, जरा पलीकडे उचलून घ्या ना.’ काका पोराच्या काखेत हात घालत, त्याला फाटकाच्या दांड्यावरून अलगद आत ठेवत आणि स्वतःचे पैसे भरत. तिकीटवाला दुसरीकडे बघे. फाटक मोजी ते एकच माणूस. ज्यांना काका भेटत नसत ती मुले सामना संपायच्या पंधरा-वीस मिनिटे आधी, बाहेर पडणाऱ्यांसाठी दारे उघडत तेव्हा, आत घुसत. जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी वाचताना हा ‘लिफ्ट ओव्हर’ सारखा भेटतो, आणि त्यात नवल नाही. त्या दिवशी चाळिशीत असलेले काका आता नाहीत. आठवण सांगायला उरला तो दांड्यावरून आत आलेला पोरगा. टेरेसविषयी आज आपल्याला जे माहीत आहे त्यातले बरेचसे अशा साक्षीदारांकडून आले आहे, ज्यांची नोंद त्या दिवशीच्या हिशेबात नव्हती.

त्यामुळेच या आठवणींची उंची लहान मुलाची असते. समोर मोठ्यांच्या पाठी, ओल्या लोकरी कोटांचा वास, सिगारेटचा धूर, आणि दिसत काहीच नाही. मग कोणीतरी पोराला उचलून डोक्यांवरून हातोहात खाली, थेट कुंपणाच्या भिंतीपर्यंत पोहोचवी. सामना संपल्यावर वडील तिथेच येऊन शोधतील, हे आधी ठरलेले असे. पुरुषांच्या डोक्यावर सपाट टोप्या, स्थानिक बोलीत ‘बनेट’. गोल झाला की त्या हवेत उडत आणि आपली टोपी परत मिळण्याची खात्री नसे. हॅम्पडेनच्या राखेच्या उतारावर कोरड्या दिवशी धुरळा उडे आणि पावसात चिखल होई. स्कॉटलंडमधला पाऊस लक्षात घेता चिखलाच्या आठवणी जास्त असाव्यात हे ओघानेच आले.

खाण्यापिण्याच्या आठवणींना तर अंत नाही. स्कॉच पाय (इंग्रजी ‘pie’) म्हणजे मटणाच्या खिम्याने भरलेला, कडक कडेचा गोल पदार्थ. चावला की आतली गरम चरबी मनगटावरून बाहीत उतरते. सोबत बोव्हरिल, गोमांसाच्या अर्काचे खारट, वाफाळते पेय. ते पिण्याइतकेच हात शेकायला घेतले जाई. फेरीवाले गर्दीतून वाट काढत ‘मॅकरून बार आणि स्पिअरमिंट गम’ अशी आरोळी देत फिरत. ती आरोळी नेमक्या सुरात काढून दाखवणारी म्हातारी माणसे ग्लासगोत अजून भेटतात. दारू खिशातून येई. ख्रिसमसची सार्वजनिक सुट्टी स्कॉटलंडला १९५८ पर्यंत नव्हतीच, त्यामुळे २५ डिसेंबर शनिवारी आला की लीगचे सामने नेहमीसारखे होत. खरा उत्सव नववर्षाचा. १ किंवा २ जानेवारीला शेजारच्या प्रतिस्पर्ध्याशी सामना ठरलेला आणि आदल्या रात्रीची व्हिस्की अनेकांच्या अंगात अजून शिल्लक.

मध्यंतरात दुसऱ्या मैदानांचे निकाल कळण्याची सोय गमतीची होती. मैदानाच्या कडेला मोठा फलक, त्यावर ए, बी, सी अशी अक्षरे आणि प्रत्येकापुढे दोन आकडे. कोणते अक्षर म्हणजे कोणता सामना हे फक्त छापील कार्यक्रमपत्रिकेत दिलेले असे. ज्याने ती विकत घेतली तो पुढची पाच मिनिटे आसपासच्या वीस जणांचा गुरुजी. संध्याकाळी रंगीत कागदावरची क्रीडापत्रे येत. ॲबरडीनचे ‘ग्रीन फायनल’ त्यांपैकी एक.

आवाजाला स्वतंत्र नाव आहे, ‘हॅम्पडेन रोअर’. त्याचा उगम १९२९ च्या स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याशी जोडतात. स्कॉटलंडचा एक खेळाडू जखमी होऊन बाहेर, संघात दहाच जण, आणि अखेरच्या क्षणी ॲलेक चेनने कोपऱ्यावरून मारलेला चेंडू सरळ जाळ्यात गेला. त्यानंतरची गर्जना शिट्टी होईपर्यंत थांबली नाही म्हणतात. हा शब्द पुढे बोलीत इतका मुरला की यमकाच्या आधाराने ‘हॅम्पडेन रोअर’चा अर्थ ‘स्कोअर’ झाला. ‘व्हॉट्स द स्कोअर?’ म्हणजे बोलीत ‘काय चाललंय?’, तेव्हा तेवढे विचारायचे तरी ग्लासगोकर ‘व्हॉट्स द हॅम्पडेन?’ म्हणू शकतो.

ही गर्दी केवळ आपल्याच संघासाठी ओरडत नसे. १८ मे १९६० रोजी हॅम्पडेनवर युरोपियन चषकाचा अंतिम सामना झाला, प्रेक्षक १,२७,६२१. रेआल माद्रिदने आइनट्राख्ट फ्रँकफुर्टला ७-३ हरवले. पुश्काशचे चार गोल, दी स्तेफानोचे तीन. याच फ्रँकफुर्टने उपांत्य फेरीत रेंजर्सला दोन सामन्यांत मिळून १२-४ असे धुतले होते, म्हणून ग्लासगोकरांना तो संघ अजिंक्य वाटत होता. सामना संपल्यावर स्कॉटिश प्रेक्षक जागचे हलले नाहीत, परक्या संघासाठी टाळ्या वाजवत राहिले. पुढे तो सामना पाहिला असे सांगणारे इतके झाले की सगळ्यांना आत घ्यायला आणखी एखादे हॅम्पडेन लागले असते. हा विनोद अनेक सामन्यांबद्दल केला जातो, पण दूरचित्रवाणीवर पाहिलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले पन्नास वर्षांनी एकमेकांत मिसळते, हेही खरे. अशाच कुतूहलाने ग्लासगोने १९३६ मध्ये कोलकात्याच्या मोहम्मद सलीमला पाहिले. सेल्टिकच्या दुय्यम संघाकडून तो दोन सामने खेळला, बुटांशिवाय, पायांना नुसत्या पट्ट्या गुंडाळून. घरची ओढ लागली आणि तो परत गेला.

आठवण गोड तेवढे ठेवते. टेरेसवर शौचालये अपुरी होती, आणि पुढे उभ्या असलेल्याच्या पोटऱ्या अचानक गरम का झाल्या हे विचारण्यात अर्थ नसे. बाटल्या उडत. सेल्टिक हा आयरिश कॅथलिक गरिबांसाठी निघालेला क्लब, रेंजर्स प्रॉटेस्टंटांचा मानला गेलेला. हॅम्पडेनवर पूर्वेचे टोक एकाचे, पश्चिमेचे दुसऱ्याचे, आणि तिथून जी गाणी म्हटली जात त्यांतली काही आज नातवंडांपुढे कोणी म्हणून दाखवत नाही. १० मे १९८० च्या चषक अंतिम सामन्यानंतर दोन्ही बाजूंचे लोक मैदानात उतरून भिडले, घोडेस्वार पोलीस आणावे लागले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने मैदानांत दारूला बंदी आली. बायकांच्या आठवणी तर फारच थोड्या नोंदल्या गेल्या आहेत. त्या तिथे होत्या, पण संख्येने कमी, आणि आठवणी गोळा करणाऱ्यांनी त्यांना विचारले आणखी कमी.

आठवण कशी फसवते याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आयब्रॉक्सचेच. २ जानेवारी १९७१. रेंजर्स-सेल्टिक सामना संपत आलेला. ८९ व्या मिनिटाला जिमी जॉनस्टनने सेल्टिकसाठी गोल केला आणि शेवटच्या क्षणी कॉलिन स्टीनने रेंजर्सची बरोबरी साधली. त्यानंतर बाहेर पडताना १३ क्रमांकाच्या जिन्यावर माणसे एकावर एक कोसळली. ६६ जण गुदमरून, चेंगरून मेले. त्यांत फाइफमधल्या मार्किंच गावची पाच शाळकरी मुले होती. लोकांनी सांगितलेली कथा अशी : निराश होऊन निघालेले प्रेक्षक स्टीनच्या गोलाचा आवाज ऐकून मागे फिरले आणि उतरणाऱ्या गर्दीवर आदळले. तिथे हजर असलेल्यांनीही ती प्रामाणिकपणे सांगितली. चौकशीत निष्पन्न झाले ते वेगळे. सगळे एकाच दिशेने, खाली उतरत होते. कोणीतरी अडखळले आणि मागचा रेटा थांबला नाही. याच जिन्यावर १९६१ मध्ये दोघे मेले होते आणि १९६७ व १९६९ मध्ये पुन्हा माणसे जखमी झाली होती. मागे फिरलेल्या गर्दीची गोष्ट पन्नास वर्षे टिकली, कारण तिच्यात गोल आहे, नियती आहे. जिन्याची उतरण आणि कठड्यांची मजबुती यांची गोष्ट कोणी घरी जाऊन सांगत नाही. या अपघातानंतर लॉर्ड व्हीटली यांचा १९७२ चा अहवाल आणि १९७५ चा क्रीडामैदान सुरक्षा कायदा आला.

टेरेसचा शेवट तिथूनच सुरू होतो. ॲबरडीनच्या पिटॉड्रीवर १९७८ मध्येच सर्वांसाठी आसने झाली. १९८९ मध्ये इंग्लंडमधील हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर आलेल्या, मोठ्या मैदानांवर सर्वांना आसने हवीत असे सांगणाऱ्या टेलर अहवालाने बाकीच्या मोठ्या मैदानांचा निकाल लावला. सेल्टिक पार्कवरचा ‘जंगल’ नावाचा प्रसिद्ध छताखालचा भाग १९९३ मध्ये बंद झाला. हॅम्पडेनचे नवे, पूर्ण आसनांचे रूप १९९९ मध्ये पुरे झाले, क्षमता सुमारे ५२,०००. २०१६ मध्ये सेल्टिकने सुमारे ३,००० प्रेक्षकांसाठी दांड्यांसह उभे राहण्याची सुरक्षित जागा पुन्हा केली. तिथे उभ्या राहणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांना जुने टेरेस फक्त ऐकून माहीत.

आठवणींचा उपयोग मात्र अनपेक्षित ठिकाणी झाला. स्मृतिभ्रंशात अलीकडचे आधी पुसले जाते आणि तरुणपणीचे बराच काळ टिकते. हे ओळखून अल्झायमर स्कॉटलंड ही संस्था आणि हॅम्पडेनमधले स्कॉटिश फुटबॉल संग्रहालय यांनी २००९ पासून ‘फुटबॉल मेमरीज’ हा उपक्रम चालवला आहे. क्लबांत, ग्रंथालयांत, वृद्धाश्रमांत लहान गट जमतात. स्वयंसेवक जुन्या खेळाडूंची आणि मैदानांची छायाचित्रे पुढे ठेवतात. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारा माणूस १९५० च्या दशकातल्या संघाचे अकरा जण गोलरक्षकापासून क्रमाने सांगून जातो. इथे नावाची चूक निघाली तरी कोणी दुरुस्त करत बसत नाही.

प्रत्यक्ष टेरेस पाहायचे असेल तर ग्लासगोच्या दक्षिणेला कॅथकिन पार्क आहे. आजच्या हॅम्पडेनच्या आधीचे, क्वीन्स पार्कचे त्याच नावाचे दुसरे मैदान ते हेच, नंतर थर्ड लॅनार्क या क्लबचे घर. १९६०-६१ मध्ये या क्लबने लीगमध्ये १०० गोल करून तिसरा क्रमांक मिळवला आणि १९६७ मध्ये तो दिवाळखोरीत बुडाला. मैदान आता सार्वजनिक उद्यान आहे. तीन बाजूंच्या पायऱ्या आणि कठडे जागच्या जागी आहेत, त्यांच्यामधून झाडे वर गेली आहेत. खाली हिरवळीवर हौशी संघ खेळतात, आणि कुत्र्यांना फिरवायला आलेली माणसे घटकाभर कठड्याला टेकून बघत उभी राहतात.