स्पॅनिशमधला ‘से’ म्हणजे नेहमी ‘स्वतःला’ नव्हे

क्रियापदाला ‘से’ हे सर्वनाम लागलं की क्रिया करणाऱ्यावरच होते, असं स्पॅनिश शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ‘लावार्से’, म्हणजे अंग धुणं, याला ते लागू पडतं. पण ‘दोर्मीर’ म्हणजे झोपणं आणि ‘दोर्मीर्से’ म्हणजे झोप लागणं. ‘इर’ म्हणजे जाणं, तर ‘इर्से’ म्हणजे निघून जाणं. इथे कुणी स्वतःला काही करत नाही! ‘केखार्से’ (तक्रार करणं) तर आज ‘से’शिवाय वापरतच नाहीत. सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘से लो दोई’मध्ये, म्हणजे ‘मी ते त्याला देतो’. हा ‘से’ आत्मवाचक (‘स्वतःला’ अशा अर्थाचा) नाहीच, ‘लो’च्या (ते) आधी आल्यामुळे ‘ले’चं (त्याला) झालेलं ते रूप आहे. माझ्या मते क्रियापद सर्वनामासकटच शिकावं: मे दुएर्मो (मला झोप लागते), ते दुएर्मेस (तुला लागते), से दुएर्मे (त्याला लागते).