खाजणाचा बांध आणि त्यापुढचे तिवर

गोव्यात मांडवी आणि झुआरी नद्यांच्या मुखांकडे भरतीच्या पातळीहूनही सखल अशी सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमीन आहे. पोर्तुगीज १५१० मध्ये आले, त्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी खारे पाणी अडवून ती भातशेतीखाली आणली होती. बांध घातला जाई तो नदीतल्याच चिकण चिखलाचा. त्यात पेंढा तुडवून बसवत आणि मार जास्त तिथे बाहेरून जांभा दगड रचत. पाणी आतबाहेर सोडणाऱ्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटत आणि ओहोटीला उघडत.

मात्र दिवसातून दोनदा पाणी घासत राहिले, की चिखलाचा बांध पायाकडून खचू लागतो, आणि इथेच बांधाच्या बाहेर राखलेले कांदळवन, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळ, तिवर अशा झाडांचे (मँग्रोव्ह) वन, कामी येते. कांदळाची कमानीसारखी आधारमुळे आणि तिवराची चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे लाटेचा वेग मोडतात. मंदावलेल्या पाण्यातला गाळ मुळांपाशी बसतो. कांदळाचे बी झाडावरच रुजते. शेंगेसारखे लांब, हिरवे रोप ओहोटीच्या वेळी सुटले तर थेट चिखलात उभे रुतते. माझ्या मते बांध आणि कांदळवन ही मुळात एकच रचना होती.

ही व्यवस्था विस्कटण्याची कारणे माणसांच्या व्यवहारात आहेत. बांधांची देखभाल पूर्वी कोमुनिदादी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्था, पाहत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि अनेक ठिकाणी डागडुजी मागे पडली. त्यातच लोहखनिज वाहणाऱ्या बार्जच्या लाटा काठांवर आदळू लागल्या. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि काही वर्षांत तिथेच तिवरे उगवतात, म्हणजे बाहेर राखणदार असलेले झाड आत आले की शेत हातचे गेल्याची खूण ठरते. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने कांदळवनाला सर्वाधिक संरक्षित वर्गात घातले. ते आवश्यकच होते, पण बुडालेले खाजण परत मिळवू पाहणाऱ्या शेतकऱ्याची त्यामुळे कोंडी झाली, हेही मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनतोडीवर बंदी घातली आणि २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला. लागवडीच्या कामातला मुख्य धडा मात्र जुनाच आहे: भरतीचे पाणी पोचून ओहोटीला पूर्ण ओसरते आणि गाळ टिकतो, तिथेच रोप धरते, उघड्या, खोल काठावर आधी दगडाचा पाया घालून लाट मोडावी लागते.