पूरनिवारा केंद्र (ग्रामीण विदर्भ)

पुरामुळे घर सोडावे लागलेल्या कुटुंबांसाठी उंचावरच्या जिल्हा परिषद शाळेत, समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायत भवनात उघडलेला तात्पुरता निवारा. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा आणि प्राणहिता यांच्या काठी पावसाळ्यात त्याची गरज पडते. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा जिल्ह्यापासून ब्रह्मपुरी तालुक्यापर्यंतच्या गावांत शिरले.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांनुसार माणशी ३.५ चौरस मीटर जागा, दिवसाला किमान ३ लिटर पिण्याचे पाणी आणि ३० जणांमागे एक शौचालय लागते. म्हणजे २० बाय २४ फुटांच्या वर्गखोलीत साधारण बाराच माणसे मावतात. त्याहून अधिक कोंबली की बायकांना कपडे बदलायलाही आडोसा उरत नाही.

बरीच कुटुंबे वेळेवर निघत नाहीत ती बैल, शेळ्या आणि घरातल्या धानापायी. म्हणून केंद्राजवळ उंचावर जनावरे बांधायची सोय आणि तणस (धानाचा पेंढा) आधीच हवी. माणसांना पुन्हा पुन्हा समजावण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

घर पुन्हा उभे राहील की नाही हे बरेचसे पंचनाम्यावर ठरते. केंद्र सरकारच्या २०२२–२६ च्या मदत निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, तर झोपडीला ८ हजार रुपये आहेत. नोंद ‘घर’ की ‘झोपडी’, ‘पूर्ण’ की ‘अंशतः’, यावर सारा फरक पडतो. कुडामातीची भिंत भिजल्या दिवशी उभी दिसते आणि ऊन लागल्यावर भेगाळून आठवड्याने कोसळते. घाईच्या पंचनाम्यात ती ‘अंशतः’ ठरलेली असते. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) लगेच फेरपंचनाम्याचा लेखी अर्ज द्यावा, सोबत भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा आणि पडझडीचा फोटो जोडावा. निकषांना अधिकृत बांधकाम लागते. नदीकाठच्या अतिक्रमणातील कुटुंबे इथेच अडतात, आणि बहुतेकदा सर्वांत गरीब तीच असतात.

म्हणून केंद्रात जेवणाच्या रांगेइतकेच कागदांचे टेबल महत्त्वाचे. आधार, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घराचा उतारा), बँक पासबुक यांपैकी काय वाहून गेले याची कुटुंबवार यादी पहिल्याच दिवशी करावी आणि दुय्यम प्रतींचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. केवायसी नसल्याने बंद पडलेले खाते किंवा आधार व पासबुकावरचे वेगळे नाव, एवढ्यावरूनही मदत अडते.

शाळा भरायची म्हणून केंद्र लवकर रिकामे करण्याची घाई होते. घर पडलेल्यांना तेव्हा नातेवाइकांच्या ओसरीवर न पाठवता टिनाचे शेड द्यावे. ज्यांची घरे उभी आहेत त्यांनी परतण्यापूर्वी विहीर उपसून तिचे निर्जंतुकीकरण करावे. नेहमीचे प्रमाण १,००० लिटरला २.५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते. पुराच्या गढूळ पाण्यात ते पुरत नाही, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची तपासणी) करून घेतल्याखेरीज पाणी पिऊ नये. कवेलूंच्या (कौलांच्या) ढिगाला आणि भिजलेल्या सरपणाला हात लावण्याआधी काठीने हलवून पाहावे, कारण पुरानंतर साप तिथेच आसरा घेतात.