कोंबडीची गाठ आणि दोन वर्षांची खिडकी

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत 1909 मध्ये एक आजारी कोंबडी आली. प्लिमथ रॉक जातीची, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची, छातीवर भलीमोठी गाठ असलेली. ती ज्याच्या हाती पडली तो संशोधक पेटन राउस जेमतेम तिशीचा होता. त्याने गाठ काढून तिचे तुकडे त्याच जातीच्या दुसऱ्या कोंबड्यांत बसवले. काहींत गाठ वाढली, पण फक्त जवळच्या नात्यातल्या कोंबड्यांत.

इथपर्यंत फारसं नवल नव्हतं. पुढचा प्रयोग मात्र बेरकी होता. राउसने गाठ वाळूबरोबर खलात घोटली, मिठाच्या पाण्यात कालवली, गरगर फिरवून गाळ खाली बसवला आणि वरचं पाणी बर्केफेल्ड फिल्टरमधून गाळून घेतलं. या फिल्टरची छिद्रं इतकी बारीक, की पेशी सोडा, जीवाणूही अडकून पडतात. गाळलेलं स्वच्छ पाणी निरोगी कोंबडीला टोचलं आणि तिलाही कर्करोग झाला! म्हणजे पेशीहून आणि जीवाणूहूनही लहान असं काहीतरी कर्करोग घडवत होतं. हे 1911 मध्ये छापून आलं. 'विषाणू' हा शब्द राउसने जपूनच वापरला. त्या काळी विषाणू कुणी पाहिलेच नव्हते.

आता हाच राउस आजच्या एखाद्या निवड समितीसमोर बसवून पाहू.

समिती आधी विचारेल, सायटेशन किती? सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखाच्या शेवटी, संदर्भांच्या यादीत तुमच्या लेखाची केलेली नोंद. अशा नोंदी पद्धतशीर मोजण्याची कल्पना युजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये मांडली, आणि ती त्यांनी चक्क वकिलांकडून उचलली होती. जुन्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला, याच्या सूच्या अमेरिकी वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. गारफील्ड यांना हवं होतं शोधायचं साधन. आपण त्याचा तराजू केला.

मग इम्पॅक्ट फॅक्टर. हा खरं तर नियतकालिकाचा आकडा, माणसाचा नव्हे, तरी प्रमोशनच्या फॉर्मवर तो माणसाच्या नावापुढे येऊन बसतो. गणित साधं आहे: गेल्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांची यंदा सरासरी किती वेळा दखल घेतली गेली. खिडकी दोनच वर्षांची. राउसच्या 1911 च्या लेखासाठी ती 1912 आणि 1913 मध्ये उघडी असती. त्या काळात जाणकार काय म्हणत होते? कोंबडीचा कर्करोग हा काही खरा कर्करोग नव्हे. सस्तन प्राण्यांत असं काही दाखवता येईना. राउसने उंदरांवर करून पाहिलं, जमलं नाही. अखेर 1915 च्या सुमारास त्याने हा विषयच सोडला.

सोडून काय केलं? जोसेफ टर्नरबरोबर सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) आणि साखर घालून रक्त टिकवायची युक्ती शोधली. त्याच युक्तीवर पहिल्या महायुद्धात ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी फ्रान्समध्ये रक्ताचा साठा उभारला. आजच्या रक्तपेढीची ही पणजी. एका माणसाने आयुष्यात एवढंच केलं असतं तरी पुष्कळ होतं.

तिसरा आकडा एच-इंडेक्स. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो 2005 मध्ये सुचवला. तुमचे 20 लेख असे आहेत, की प्रत्येकाचा निदान 20 वेळा उल्लेख झालाय, तर तुमचा एच 20. मग त्यातल्या एकाचा 20 ऐवजी 20 हजार वेळा झाला तरी एच जागचा हलत नाही. अफाट गाजलेल्या एकाच लेखाला हा आकडा बहिरा आहे.

शिवाय एक गंमत, जी कुठल्याच यादीत दिसत नाही. कोंबडीतल्या त्या विषाणूला पुढे 'राउस सार्कोमा व्हायरस' असं नाव पडलं. हे नाव असंख्य लेखांत येतं, पण त्याच्यापुढे 1911 चा संदर्भ देण्याची गरज कुणाला वाटते? न्यूटनचे नियम वापरणारा तळटीप देत नाही, तसंच हे. शोध इतका मुरला की मोजणीतून गळला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं. दशकानुदशकं निपचित पडून मग एकदम गाजणाऱ्या लेखांना मात्र 2004 मध्ये अँथनी व्हॅन रान यांनी 'झोपलेल्या सुंदरी' असं नाव दिलं.

राउसला नोबेल मिळालं 1966 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी. शोधाला 55 वर्षं झाली होती. मधल्या काळात, 1963 मध्ये, त्याचा जावई ॲलन हॉजकिन नोबेल घेऊन मोकळाही झाला होता. सासऱ्यांना घरात काय वाटलं असेल, कोण जाणे!

त्या नोबेल व्याख्यानात राउसने एका मताची चांगलीच खिल्ली उडवली: पेशीच्या स्वतःच्या जनुकांत बिघाड होऊन कर्करोग होतो, हे त्याला अजिबात पटत नव्हतं. 1970 मध्ये तो वारला. त्याच वर्षी हॉवर्ड टेमिन यांनी राउसच्याच विषाणूत आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर (एन्झाइम) दाखवलं. डेव्हिड बाल्टिमोर यांना तेच विकर उंदराच्या विषाणूत सापडलं. दोघांचे लेख 'नेचर'च्या एकाच अंकात पाठोपाठ आले. मग 1976 मध्ये स्टेहेलिन, वार्मस, बिशप आणि फोग्ट यांनी दाखवून दिलं, की या विषाणूतलं कर्करोग घडवणारं जनुक मुळात विषाणूचं नाहीच. त्याने ते कोंबडीच्या निरोगी पेशीतून उचललेलं आहे. ज्या मताला राउस हसला होता, त्याला बळ दिलं त्याच्याच कोंबडीने.

1976 च्या या चार पानी लेखावर पहिलं नाव डोमिनिक स्टेहेलिन यांचं आहे. या शोधाचं 1989 चं नोबेल मात्र फक्त बिशप आणि वार्मस यांना मिळालं. स्टेहेलिन यांनी जाहीरपणे तक्रार केली, पण निर्णय बदलला नाही.