लाळ्या-खुरकूत आणि नागपूरचा उन्हाळा

नागपूर जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांना लाळ्या-खुरकूत या जनावरांच्या विषाणूजन्य आजाराची लक्षणे पाठ आहेत. गाय चारा सोडते, ओठांची चपचप सुरू होते, तोंडातून लाळेच्या चिकट तारा लोंबतात, जिभेवरचे फोड फुटून कातडे सोलवटते आणि खुरांच्या बेचक्यातल्या जखमांमुळे ती सारखा पाय झटकते. मात्र तोवर उशीर झालेला असतो, कारण फोड दिसण्याच्या एक ते चार दिवस आधीच विषाणू दुधातून बाहेर पडू लागलेला असू शकतो. धडधाकट दिसणाऱ्या गाईची धार काढून तेच हात शेजारच्या गाईच्या सडांना लागले, की संसर्ग पुढे सरकतो.

विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. पशुवैद्यक ती देतात ती जखमांतल्या जिवाणूंसाठी. म्हणून खरा भरवसा लसीचाच. भारतात या विषाणूचे ओ, ए आणि आशिया-१ हे प्रकार आढळतात आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवत नाही, त्यामुळे लसीत तिन्ही असतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती दर सहा महिन्यांनी मोफत टोचली जाते. चिकातून मिळालेली आईची प्रतिपिंडे लसीच्या आड येत असल्याने वासराला पहिली मात्रा चौथ्या महिन्यात आणि बूस्टर त्यानंतर महिन्याभराने देतात.

ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा काटोल किंवा उमरेडकडच्या गावात दुपारी उघडा राहिलेला शीतडबा लसीची ताकद घालवतो; उलट बर्फाला थेट चिकटून गोठलेली लसही वाया जाते. टोचणी भल्या पहाटे व्हावी, हा आग्रह पशुपालकाने स्वतः धरायला हवा.

टोचल्यावर एक-दोन दिवस दूध थोडे घटते, म्हणून काही जण दुभती गाय लपवतात. ही भीती समजण्यासारखी आहे, पण हिशेब चुकीचा आहे. आजारातून उठलेल्या काही गाई पुढे उन्हात सतत धापा टाकतात, त्यांच्या अंगावर लांब, राठ केस वाढतात आणि त्यांचे दूध पूर्ववत होत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात असे जनावर पोसणे फार जड जाते.

साथ आलीच, तर आजारी जनावराची धार सर्वांत शेवटी काढावी. विषाणूला आम्लही सोसत नाही आणि तीव्र क्षारही, त्यामुळे गोठा निर्जंतुक करायला लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा पुरतो; मात्र आधी शेण खरवडून काढावे, कारण शेणाआड विषाणू तग धरतो. बाजारातून आणलेली गाय तीन आठवडे वेगळ्या गव्हाणीवर बांधावी. पित्या वासरांना आजारी आईपासून तातडीने दूर करून निरोगी गाईचे दूध पाजावे, कारण त्यांच्यात विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो आणि तोंडात एकही फोड नसताना वासरू अचानक दगावते.